गाडी पळवायचीय, पण कुठे आणि कशी? ठाणे-नवी मुंबईतल्या ड्रॅगवेड्यांचे नेहमीचे प्रश्न

वागळे इस्टेटमध्ये माझं छोटं गॅरेज आहे. सर्व्हिसिंगला गाडी टाकलेला पोरगा बिल देऊन झालं तरी निघत नाही. हेल्मेट हातात फिरवत उभा राहतो आणि मग हळूच विचारतो, "काका, ही अजून पळेल का हो?" त्या एका प्रश्नामागून दहा प्रश्न येतात. गेली कित्येक वर्षं तीच उत्तरं देतोय, म्हणून एकदा लिहून काढली. मी स्वतः साध्या स्विफ्टने धावपट्टीवर पळालो आहे आणि त्याआधी कॉलेजात असताना आरएक्स हंड्रेडवर रस्त्यावरही पळालो आहे. दोन्हींतला फरक अंगावर घेतलेला माणूस सांगतोय असं समजून वाचा.

ड्रॅग रेस म्हणजे नेमकं काय?

दोन गाड्या शेजारी शेजारी, उभ्या जागेवरून सुटतात आणि सरळ रेषेत ठरलेलं अंतर कापतात. अंतर बहुतेक वेळा पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. जागा कमी असेल तर त्याच्या निम्मं, २०१ मीटर. वळण नाही, फेऱ्या नाहीत. साधी गाडी अठरा-एकोणीस सेकंदांत मोकळी होते, चांगली ४०० सीसीच्या आतली बाइक चौदा सेकंदांच्या आसपास.

सरळ तर कोणीही पळवेल. यात कसब ते काय?

हे मला सर्किटवाल्यांनीही, म्हणजे वळणांच्या ट्रॅकवर फेऱ्या मारणाऱ्यांनीही, ऐकवलंय. त्यांना मी एकच सांगतो, एकदा लाइनवर उभे राहा.

समोर दिव्यांचा खांब असतो. त्याला सगळे ख्रिसमस ट्री म्हणतात. लाइनवर जमिनीलगत प्रकाशाचे दोन किरण आडवे टाकलेले असतात. पुढचं चाक पहिल्या किरणात शिरलं की वरचा छोटा दिवा लागतो, म्हणजे तुम्ही जवळ आलात. अजून वीतभर पुढे सरकलात की दुसरा लागतो, म्हणजे तुम्ही तयार. ही वीतभर हालचाल क्लचवर करायची असते आणि पहिल्या दिवशी निम्मी पोरं इथेच लाइन ओलांडून पुढे जातात. दोघं तयार झाले की तीन पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने खाली उतरतात आणि मग हिरवा. हिरवा दिसल्यावर जो क्लच सोडतो तो उशीर करतो, कारण डोळ्याने पाहणं, पायाने सोडणं आणि गाडीने हलणं यात वेळ जातोच. जाणकार शेवटचा पिवळा पेटला की सुटतात. फार घाई केली आणि हिरव्याच्या आत चाक किरणातून बाहेर पडलं तर लाल दिवा, आणि तुम्ही घरी.

त्या दीड सेकंदात हात गिअरवर, डावा पाय क्लच जिथे चावतो, म्हणजे गाडी ओढायला लागतो, नेमक्या त्या जागेवर, कान इंजिनच्या आवाजावर आणि डोळा दिव्यावर. शेजारचा काय करतोय ते बघायचं नसतं आणि नेमकं तेच बघावंसं वाटतं. एवढं सगळं जुळून आलं तर बाकीचं अंतर गाडी पार पाडते. चुकलं तर पुढच्या ३८० मीटरमध्ये ते भरून निघत नाही.

टाइम स्लिप कशी वाचायची?

फेरी संपवून परतीच्या रस्त्याने आलात की चिठ्ठी मिळते. या खेळातली माझी सगळ्यात आवडती वस्तू तीच. माझ्या जुन्या चिठ्ठ्या गॅरेजात टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवलेल्या आहेत.

तिच्यावर वरून खाली आकडे असतात. पहिला रिअॅक्शन टाइम, म्हणजे दिव्यानंतर तुम्ही सुटायला किती वेळ लावला. त्यानंतर ६० फुटांचा टाइम. पहिले १८ मीटर गाडीने कसे कापले ते हा सांगतो. मग मधले टप्पे, शेवटी एकूण वेळ आणि फिनिश लाइन ओलांडतानाचा वेग.

एक गोष्ट नीट समजून घ्या. एकूण वेळेचं घड्याळ हिरव्या दिव्याला सुरू होत नाही. तुमचं चाक लाइनवरून हललं की सुरू होतं. म्हणजे तुम्ही हिरवा लागल्यावर तिथेच उभं राहून चहा प्यायलात तरी तुमची वेळ चांगली येऊ शकते, फक्त रेस हरलेली असेल.

माझ्या पहिल्या फेरीत ६० फूट २.९१ सेकंद आणि एकूण १८.९६. वाटलं, गाडीतच दम नाही. तिथल्या एका म्हाताऱ्या पारशी गृहस्थांनी चिठ्ठी हातात घेतली, ६० फुटांच्या आकड्यावर नख टेकवलं आणि म्हणाले, "इथे टायर जागच्या जागी फिरवलास." तिसऱ्या फेरीत आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) कमी ठेवून क्लच जरा हळू सोडला. ६० फूट २.६२, एकूण १८.५२. गाडी तीच, माणूस तोच. सुरुवातीला वाचवलेले तीन दशांश शेवटी जवळजवळ साडेचार झाले होते. हे नेहमीचंच आहे, पहिल्या १८ मीटरमधली बचत शेवटपर्यंत दीडपट-दुप्पट होते.

आणि त्याच फेरीत शेजारच्या गाडीची वेळ १८.१० होती, माझ्यापेक्षा चांगली. तरी जिंकलो मी. माझा रिअॅक्शन टाइम ०.३१, त्याचा ०.८४. बेरीज करून बघा. माझे १८.८३ होतात, त्याचे १८.९४. फिनिशला फरक पडला तो साधारण एका गाडीच्या लांबीइतका. त्याची गाडी जोरात होती, मी आधी सुटलो होतो.

माझ्याकडे साधी गाडी आहे. पोलो जीटी किंवा ऑक्टेव्हियासमोर मी काय करणार?

बहुतेक ठिकाणी गट पडलेले असतात. सीसीप्रमाणे, पेट्रोल-डिझेलप्रमाणे, कंपनीतून आली तशी गाडी आणि काम केलेली गाडी असे. तुमची झुंज तुमच्याच वजनाच्या पैलवानाशी लागते.

याशिवाय ब्रॅकेट नावाचा प्रकार आहे. अमेरिकेत हौशी लोकांमध्ये तोच जास्त चालतो आणि आपल्याकडे तो रुजावा असं मला मनापासून वाटतं. त्यात तुम्ही आधीच सांगता, माझी गाडी १८.५० ला येईल. समोरचा सांगतो १३.९०. मग तुमचा हिरवा त्याच्या ४.६० सेकंद आधी लागतो. दोघांनी आपापली सांगितलेली वेळ अचूक काढली तर फिनिशला एकत्र यायला हवेत. मुद्दाम जास्त वेळ सांगून फसवता येत नाही, कारण सांगितल्यापेक्षा लवकर आलात तर बाद. इथे पैसा कमी आणि सातत्य जास्त लागतं. आठशे सीसीची मारुती घेऊन आलेला माणूस दहा फेऱ्या एकसारख्या मारत असेल तर तो मोठमोठ्यांना घाम फोडतो.

रात्री दोनला पाम बीच रोड रिकामाच असतो. तिथे पळवलं तर कुणाचं काय जातं?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वाशीपासून बेलापूरपर्यंतचा तो रस्ता रुंद आहे, सरळ आहे, एका बाजूला खाडी आणि तिवरं. मोह पडतो, मान्य. पण तो रिकामा नसतो. सारसोळ्याचे कोळी पहाटे अंधारात रस्ता ओलांडून जेट्टीवर जातात. नेरुळकडून फ्लेमिंगो बघायला माणसं उजाडायच्या आत येतात. कॉल सेंटरच्या गाड्या, रिक्षा आणि कुत्री रात्रभर असतात. आता गणित करा. १२० च्या वेगात गाडी एका सेकंदाला ३३ मीटर जाते. समोर काही दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, ५० मीटर संपले. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरने थांबायला अजून ७० मीटर लागतात. एकूण १२०. डिपरवर तुम्हाला पुढचं जेमतेम ५०-६० मीटर दिसतं. म्हणजे जो माणूस तुम्हाला दिसला, त्याच्याआधी तुम्ही थांबूच शकत नाही. तुमचं ड्रायव्हिंग कितीही चांगलं असो, हे अंतर कमी होत नाही. त्या रस्त्याला ६० ची मर्यादा आहे ती याचसाठी.

घोडबंदर रोडबद्दल तर बोलायलाच नको. ट्रक, मेट्रोची कामं, खड्डे. येऊरच्या चढावर दोन गाड्या शेजारी मावत नाहीत. अटल सेतूवर १०० ची मर्यादा आहे आणि दुचाकीला तिथे प्रवेशच नाही.

माझी गोष्ट सांगतो. ठाण्यात तीन हात नाक्यावरून नितीन कंपनी जंक्शनपर्यंत आम्ही तिघं पळालो होतो, रात्री साडेबाराला, तीन आरएक्स. डंपरमधून सांडलेली खडी होती. माझं पुढचं चाक त्यावर गेलं आणि मी रस्त्यावर. उजव्या खांद्याचं हाड मोडलं, कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी डांबरावर राहिली. आई दवाखान्यात आली तेव्हा तिच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. दोन दिवसांनी मित्र भेटायला आले आणि माझ्या खाटेशेजारीच भांडायला लागले, पडायच्या आधी पुढे कोण होतं यावरून. तिघांची तीन उत्तरं. आजही एकमत नाही. कारण मोजलंच कुणी नव्हतं.

रस्त्यावर मला काय खटकतं ते हेच. धोका आहेच, पण त्या धोक्याच्या बदल्यात हाती काहीच लागत नाही. कोण किती लवकर सुटला, कुठे मागे पडला, गाडी कमी पडली की माणूस, काही कळत नाही. धावपट्टीवरची एक चिठ्ठी शंभर रात्रींपेक्षा जास्त शिकवते.

पकडले गेलो तर काय होतं?

मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ सार्वजनिक ठिकाणी सरकारच्या लेखी परवानगीशिवाय शर्यत लावण्याबद्दलच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. सोबत कलम १८४, धोकादायक ड्रायव्हिंग, लागू शकतं. कुणी दगावलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहे, निष्काळजीपणाने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत कैद.

गाडी चालवणारा अठराच्या आतला असेल तर कलम १९९ए लागतं, आणि ते पालकावर किंवा गाडीमालकावर लागतं. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द आणि त्या मुलाला पंचविशी गाठेपर्यंत लायसन्स नाही. मोठ्या भावाची बाइक धाकट्याच्या हातात देणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

इन्शुरन्स मिळतो का?

नाही. तुमच्या पॉलिसीचा कागद काढा आणि "वापराच्या मर्यादा" लिहिलंय तिथे बघा. शर्यत, वेगाची चाचणी, असं स्पष्ट वगळलेलं असतं. हे अधिकृत स्पर्धेलाही लागू आहे. म्हणून धावपट्टीवर जाताना गाडीचं जे नुकसान होईल ते आपल्या खिशातून, हे धरूनच जा. ज्या गाडीवर घर चालतं ती पणाला लावू नका.

मग जायचं कुठे?

आपल्याला सगळ्यांत जवळचं नाव म्हणजे अँबी व्हॅली. लोणावळ्याच्या पुढे वीस-पंचवीस किलोमीटरवर तिथली खासगी धावपट्टी आहे आणि तिच्यावर 'द व्हॅली रन' ही ड्रॅग स्पर्धा भरत आली आहे. एका टोकाला सुपरकार आणि दुसऱ्या टोकाला स्विफ्ट, पल्सर, एकाच दिवशी. बाइकवाल्यांची राष्ट्रीय ड्रॅग स्पर्धा मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर घेतो. तारखा दरवर्षी बदलतात, आयोजकांच्या घोषणांवर लक्ष ठेवा.

बाइकने निघणाऱ्यांनी लक्षात ठेवा, एक्स्प्रेसवेवर दुचाकी चालत नाही. ठाण्याहून शिळफाटा-कळंबोलीमार्गे पनवेल गाठा आणि तिथून जुन्या हायवेने खोपोली, बोरघाट, लोणावळा. पहाटे चारला निघालात तर तपासणीच्या रांगेत वेळेवर लागता.

कुणीतरी व्हॉट्सअॅपवर "इव्हेंट आहे, या" असं पाठवलं तर आधी तीन गोष्टी विचारा. एफएमएससीआयची परवानगी आहे का, अॅम्ब्युलन्स आणि डॉक्टर आहेत का, गाड्यांची तांत्रिक तपासणी होणार का. एफएमएससीआय ही देशातल्या मोटर स्पोर्टची मान्यताप्राप्त संघटना आहे. उत्तरं गुळमुळीत आली तर जाऊ नका. गेल्यावर अॅम्ब्युलन्स दिसली नाही तर गाडी वळवा. भरलेल्या फीचं दुःख करत बसू नका.

हे अमेरिकेचं खूळ आपल्याकडे कशाला?

उगम अमेरिकेचाच आहे, पण तो कसा झाला ते ऐका. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या गाड्यांवर काम करून त्या कोरड्या तलावांच्या तळावर आणि गावच्या रस्त्यांवर पळवायची. माणसं मरायची, वर्तमानपत्रं ओरडायची. १९५१ मध्ये वॉली पार्क्सने नॅशनल हॉट रॉड असोसिएशन उभी केली. या पोरांना रस्त्यावरून उचलून नियमांत आणि मोकळ्या धावपट्टीवर नेणं हाच तिचा हेतू होता. आधी हातात झेंडा घेतलेला माणूस शर्यत सोडायचा, १९६३ मध्ये दिव्यांचा खांब आला. आपल्याकडेही चेन्नईजवळच्या शोलावरमला युद्धकाळातल्या धावपट्टीवर कित्येक दशकं शर्यती होत होत्या. म्हणजे प्रश्न तिथेही हाच होता आणि उत्तरही हेच मिळालं, जागा द्या.

नवी मुंबईसारख्या आखून वसवलेल्या शहराला क्रिकेटची मैदानं आहेत, फुटबॉलची आहेत. वर्षातून चार रविवार, बंदोबस्तात, ४०२ मीटर मिळाले तर रात्रीचे किती आवाज कमी होतील, याचा विचार व्हायला हवा.

लायसन्स, वय, कपडे?

वैध ड्रायव्हिंग लायसन्स हवं. स्पर्धेचं वेगळं लायसन्स लागतं, ते कसं काढायचं ते आयोजक सांगतात. इंडेम्निटी बाँडवर, म्हणजे नुकसानीची जबाबदारी आपली असं लिहून देणाऱ्या कागदावर, सही घेतली जाते. घाईत करू नका, वाचून करा.

बाइकला पूर्ण तोंडाचं हेल्मेट, लेदरचा सूट किंवा किमान चांगलं रायडिंग जॅकेट-पँट, हातमोजे, घोट्याच्या वरचे बूट. काय लागेल ते नियमपत्रात असतं, त्यापेक्षा कमी चालत नाही. कारमध्येही हेल्मेट, सीट बेल्ट, सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, बंद बूट. चपलेवर आलेल्या एकाला मी परत पाठवलेलं पाहिलंय. थेट नवी मुंबईहून आला होता बिचारा.

निघण्याआधी गाडीत काय बघू?

पळण्याआधी थांबण्याचं बघा. ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल. मग टायर. टायरच्या कडेला चार आकडे असतात, २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाला. नक्षी शिल्लक आहे म्हणून जुना, कडक झालेला टायर घेऊन येऊ नका, तो पकडतही नाही आणि फुटूही शकतो. बॅटरी घट्ट बसलेली हवी, कुठेही ऑइल किंवा पेट्रोलची गळती नको. बाइकची चेन फार ताणू नका, कंपनीने सांगितलेला झोल ठेवा. नट-बोल्ट पान्याने तपासा, नजरेने नाही.

डिकी रिकामी करा. स्टेपनी, जॅक, आईच्या भाजीच्या पिशव्या, सगळं बाहेर. टाकी पाव भरलेली पुरे. ३० लिटर पेट्रोल म्हणजे २२ किलो, ते उगाच का वाहायचं? ढोबळ हिशेब असा की ४५ किलो कमी केले की पाव मैलात एक दशांश सेकंद वाचतो.

दहा हजार आहेत. कशावर घालू?

पोरांची पहिली मागणी सायलेन्सरची असते. नको. सायलेन्सर बदलून साध्या गाडीत आवाज वाढतो, वेळ बदलत नाही. शिवाय कलम १९०(२) खाली आवाजासाठी दंड १०,००० पर्यंत आणि लायसन्स तीन महिने बाद.

कारवाल्यांनो, पुढचे दोन टायर चांगले घ्या. बाइकवाल्यांनो, नवीन क्लचप्लेट, चेन-स्प्रॉकेट आणि योग्य ऑइल. बाइकचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारचं निसरडं ऑइल स्वस्त मिळालं म्हणून टाकलंत तर क्लच घसरतो आणि मग सगळं गॅरेज कार्ब्युरेटर खोलत बसतं. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं हवं. पुढचं स्प्रॉकेट एक दात कमी, म्हणजे १४ चं १३, केलंत तर पिकअप सुधारतो. गिअरिंग सुमारे ७ टक्के आखूड होतं, टॉप स्पीड तेवढा कमी होतो. पाव मैलात टॉप लागतोच असं नाही.

टर्बो गाडीत रीमॅपने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून, खरोखर फरक पडतो. पण कंपनीची वॉरंटी जाते आणि वाढलेला टॉर्क जुना क्लच पेलत नाही. आणि गाडीत कायद्याने मान्य नसलेले बदल केले तर कलम १८२ए खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. एमएच-०४ असो की एमएच-४३, मोठं काम करायचं असेल तर आधी आरटीओत विचारा.

उरलेले पैसे फीसाठी ठेवा. जास्त फेऱ्या मारणं ही सगळ्यांत स्वस्त सुधारणा आहे.

लाँच, म्हणजे लाइनवरून सुटण्याचा क्षण, कसा घ्यायचा?

पुढच्या चाकांवर चालणारी कार सुटते तेव्हा तिचं वजन मागे जातं. म्हणजे ज्या चाकांना जोर लावायचाय त्यांच्यावरचाच भार हलका होतो. म्हणून ५,००० आरपीएमवर क्लच सोडला की नुसता धूर. २,५०० पासून सुरुवात करा, क्लच चावल्याजागी क्षणभर धरून मग पूर्ण सोडा, अॅक्सिलरेटर त्याच्या मागोमाग. टायर हलकेच किंचाळला तर बरोबर, ओरडला तर जास्त झालं. दर फेरीला दोनशे-तीनशे आरपीएम बदलून चिठ्ठीवर ६० फूट बघा. पुढच्या टायरची हवा दोन-तीन पीएसआय कमी केली तर पकड वाढते, त्याहून खाली जाऊ नका.

बाइकचं उलट. वजन मागे जातं ते मागच्या चाकाला हवंच असतं, पण फार झालं की पुढचं चाक उचलतं. छाती टाकीवर, कोपर पुढे, नजर फिनिशवर. चाक उचललं तर थ्रॉटल पूर्ण सोडू नका, किंचित कमी करा.

ऑटोमॅटिकवाल्यांनी डाव्या पायाने ब्रेक धरून थोडा अॅक्सिलरेटर द्यायचा. बऱ्याच नव्या गाड्यांत दोन्ही पेडल एकदम दाबले की इंजिन आपोआप मंदावतं, ते आधी मोकळ्या जागेत उभ्या गाडीवर तपासून बघा.

साध्या रस्त्याच्या टायरने बर्नआउट, म्हणजे टायर जागेवर फिरवून तापवणं, करू नका. त्याने पकड वाढत नाही, टायर मात्र जातो. क्लच जळल्याचा करपट वास आला तर पुढची फेरी सोडा, बॉनेट उघडून अर्धा तास बसा.

शंभर ऑक्टेनचं पेट्रोल टाकू का?

एक्सपी१०० सारखं पेट्रोल चांगलं आहे, पण तुमच्या इंजिनचं ट्युनिंग त्यासाठी नसेल तर वेळेत फरक दिसणार नाही. रीमॅप त्या इंधनावर केलेला असेल तर जरूर टाका.

वर घाटात गाडी दमल्यासारखी का वाटते?

हवा विरळ असते म्हणून. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फूट उंचीला साधारण तीन टक्के ताकद गमावतं. लोणावळा परिसर दोन हजार फुटांच्या वर आहे, म्हणजे सहा टक्के गेले. टर्बोवाल्यांना हे फारसं जाणवत नाही. ठाण्यातल्या आकड्यांशी तुलना करून निराश होऊ नका, समोरच्याचं इंजिनही तीच हवा घेतंय. सकाळच्या थंड हवेतल्या फेऱ्या सगळ्यांत चांगल्या येतात, म्हणून रांगेत लवकर लागा.

इलेक्ट्रिक गाडी चालते का?

जिथे गट असेल तिथे चालते. पहिल्या क्षणापासून पूर्ण टॉर्क, गिअर नाही, क्लच नाही, त्यामुळे ६० फूट झकास येतात. बॅटरी भरलेली ठेवा. चार्ज उतरला किंवा बॅटरी तापली की गाडी स्वतःच ताकद कमी करते.

मुली भाग घेतात का?

घेतात आणि जिंकतात. किरणाला फक्त चाक दिसतं.

मोबाइल अॅपवर वेळ मोजली तर?

मोबाइलचा जीपीएस बहुतेकदा सेकंदाला एकदाच जागा सांगतो, त्यात दशांशाचा भरवसा धरू नका. सेकंदाला दहा वेळा वाचणारी छोटी जीपीएस यंत्रं मिळतात, ती बरीच अचूक असतात. पण ती घेऊन पुन्हा पाम बीचवर जाणार असाल तर घेऊ नका. कलम १८९ मध्ये शर्यतीसोबत वेगाची चाचणीही आहे.

माझा मुलगा रात्री बाइक घेऊन जातो. काय करू?

ताई, दादा, हा प्रश्न तुम्ही गॅरेजात येऊन फार दबक्या आवाजात विचारता. किल्ली काढून घेणं हा पहिला विचार असतो. अठराच्या आतला असेल तर तेच करा, आजच. मोठा असेल तर तो मित्राची घेतो, आणि ती कुठल्या स्थितीत आहे ते तुम्हाला ठाऊकही नसतं.

त्याला एकदा स्पर्धा बघायला घेऊन जा, नुसतं प्रेक्षक म्हणून. तुम्हीही चला. तिथे रांगेत तासभर हेल्मेट घालून उन्हात उभी असलेली, तपासणीत नापास होऊन मुकाट परत फिरणारी, चिठ्ठ्या हातात घेऊन हिशेब करणारी माणसं त्याला दिसू देत. मी असे तीन-चार बाप-लेक पाहिलेत. परतताना मुलगा बापाला ६० फुटांचा टाइम समजावून सांगत असतो. माझ्या बाबांशी माझं असं बोलणं कधी झालं नाही. ते फक्त दवाखान्याचं बिल भरून गप्प बसले होते.

फिनिशनंतर आणि परत येताना काय लक्षात ठेवू?

फिनिश ओलांडली की एकदम ब्रेक मारू नका, मागून कुणी येत असतं. हळूहळू वेग उतरवा, आपली लेन सोडू नका, शेजारच्याच्या पुढून वळू नका आणि धावपट्टीवर कधीही उलटे फिरू नका, परतीच्या रस्त्यानेच या.

दिवस संपल्यावर इंजिन अर्धा तास थंड होऊ द्या. स्टेपनी आणि जॅक परत आत ठेवा, लोक विसरतात. टायरची कमी केलेली हवा लोणावळ्याच्या पंपावर पूर्ण भरून घ्या, तशा टायरने बोरघाट उतरू नका. ब्रेक पेडल किंवा लिव्हर मऊ लागतंय का ते घाटाच्या आधी बघा. दिवसभर ताशी शंभर-सव्वाशे पाहिल्यावर ६० फार संथ वाटतं, पहिले दहा किलोमीटर डोळा काट्यावर ठेवा. आणि चिठ्ठ्या खिशात घामाने भिजतात, शाई उडते. निघण्याआधी त्यांचे फोटो काढून ठेवा.